ड्रमाशेजारची जागा

हट्टा, ३ फेब्रुवारी २०२५

स्वप्निल भाऊजी,

आशीर्वाद लिहावा का शिव्या, हे दोन दिवस ठरेना. शेवटी दोन्ही पोटात ठेवून लिहायला बसले. फोन तुमी उचलत न्हाई. मेसेजला निळ्या खुणा येतात, उत्तर येत न्हाई. म्हणलं, कागद तरी ब्लॉक करता येत न्हाई कोणाला. धर्मसिंग पुण्याची ट्रॅव्हल्स घेऊन जातो, त्याच्या हाती हे पत्र अन् डबा देऊन राहिले. डब्यात धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी हाय. चटणी खा अन् पत्र फाडा, तुमची मर्जी. पण फाडायच्या आधी वाचा.

तुमचे दादा हळदीचं पॉलिश सेंटर विकायला निघालेत.

वसमतचा एक माणूस दोनदा येऊन जागा बघून गेला. त्याला तिथं मंगल कार्यालय बांधायचंय. पॉलिशचा ड्रम भंगारात, शेड पाडायची, अन् मामंजींनी लावलेल्या लिंबाखाली म्हणे नवरदेवाची घोडी बांधायची. पाडव्याला सौदा पक्का करू, असं तुमचे दादा त्याला बोलून बसलेत. मला विचारलं न्हाई. तुमाला तर न्हाईच विचारलं, अन् निम्मं सेंटर तुमचं हाय. म्हणून हे लिहून राहिले. मला ते विकू द्यायचं न्हाई.

काहून विकायलेत, ते तुमाला माहीत हाय. हंगाम सुरू झाला अन् आपल्या गेटावर चिटपाखरू न्हाई. हळद निघाली, शिजली, वाळली, सगळं बराबर झालं. पण पॉलिशला पोती चाललीत फाट्यापलीकडच्या नव्या सेंटरला. सकाळी टेम्पो आपल्या दारावरून जातात, वरती माणसं बसलेली असतात, अन् आपल्याकडं बघायचं टाळतात. मामंजी होते तव्हा याच दिवसात गेटापासून रस्त्यापर्यंत ओळ लागायची. माणसं ड्रमाशेजारच्या बाकावर बसायची, आपापली हळद फिरताना बघत. मी चहा करकरून वैतागायची. आता चहाचं पातेलं पालथं पडलंय, त्याचा वैताग येतो.

तुमी म्हणाल, वहिनी, तुमीच तर माझ्या बाजूनं होतात! व्हय, होते. दादा नको नको म्हणत होते तव्हा मीच म्हणले, पोरगं चाकणला मोठ्या कंपनीत शिकलंय, घरचं काम सुधरवतो म्हणतंय तर सुधरवू द्या. तुमचे ते पांढऱ्या बुटांचे सर आले, आठ दिवस राहिले, फी घेऊन गेले. हळदीच्या कारखान्यात पांढरे बूट! मी तव्हाच समजायला पायजे होतं.

पण खोटं कशाला बोलू? त्यांनी केलेलं लई चांगलं होतं. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, पान्याला जागा, बादलीला जागा, झाडूला खिळा. आधी अर्धी सकाळ पाना शोधण्यात जायची अन् दादा सगळ्यांना बोल लावायचे. मोटारीच्या पट्ट्याला जाळी बसवली, कोणाचा पदर अडकायची भीती गेली. पोती उचलायला गाडा आणला, बायांच्या कंबरा वाचल्या. त्या बाया अजून तुमचं नाव काढतात. तुमचे दादा ऐकत नसताना काढतात.

मग ते सर म्हणले, थांबणं म्हणजे वाया. माल थांबला तर वाया, मशीन थांबली तर वाया, माणूस थांबला तर वाया. अन् बाक उचलून शेडमागं टाकला.

बाकी पुढच्या वेळी. धर्मसिंगचा हॉर्न वाजून राहिला. दादांनी तुमच्यावर हात उगारला, ते चुकलंच. पण त्यापायी घर सोडायचं नसतं हो भाऊजी.

तुमची वहिनी,
दिपा


हट्टा, १९ फेब्रुवारी २०२५

स्वप्निल भाऊजी,

डबा मिळाला. घासून पुसून, लखलखीत, अन् रिकामा! आपल्या घरात कोणाचा डबा रिकामा परत जात न्हाई, चिमूटभर साखर तरी टाकून देतात. हे तुमाला मी सांगायचं? तुमच्या आईनं तुमाला दारोदार साखर घालून डबे पोचवायला लावलेत. एवढा राग?

अन् वरून मेसेज काय, तर "रोज किती माल येतो? आकडे पाठवा." घ्या आकडा. शून्य. सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य. काढा त्याचा आलेख अन् लावा भिंतीवर.

बरं, चिडले. आता नीट सांगते. तुमाला त्या दिवशीचं फक्त दादांचं वागणं आठवत असंल. त्याच्या आधीचं तुमी बघितलंच न्हाई, तुमी मोबाईलमदी डोकं घालून होता. मी चाळणीपाशी होते, मी बघितलं.

गोजरबाई आठवती ना? कॅनॉलकडची, दीड एकरवाली. नवरा गेला तव्हापासून एकटीच करती. मामंजींच्या काळापासून तिची हळद आपल्याकडं. येताना भाकर बांधून आणायची, ड्रमाशेजारी बाकावर बसायची, तिची पोती फिरून होईपर्यंत जागची हलायची न्हाई. शेवटी ढिगातनं पाच हळकुंडं निवडायची, पदराला बांधायची. देवाला एक, बाकी घरातल्या शुभकार्याला. गेल्या साली तिच्या नातीचं, पुनमचं लग्न ठरलं होतं. गोजरबाईच्या घरात नवरीला लावायची हळद घरच्या रानातलीच असती, तीच जात्यावर दळतात. तिच्या सासूला तसं केलं, तिला तसं केलं, तिच्या लेकीला तसं केलं.

तुमच्या सरांनी सांगितलं होतं की लहान शेतकऱ्याच्या दोन-तीन पोत्यांसाठी एवढा मोठा ड्रम फिरवायचा म्हणजे लाईट बिल वाया. ते खरंही हाय. ड्रम भरलेला नसला तर हळकुंडं एकमेकावर घासत न्हाईत, लई वेळ फिरवावं लागतं. म्हणून तुमी तिघा-चौघांचा माल एकत्र घालायला लागलात, अन् नंतर वजनानं वाटून द्यायला. घासून कमी होणारी घट धरून, ग्राम-ग्रामाचा हिशोब करून. कोणाचं काही बुडालं न्हाई, हे मी कोणापुढंही सांगीन.

गोजरबाईला तुमी म्हणलात, मावशी, पोती ठेवा, घरी जा, उद्या येऊन घेऊन जा. ती बाक शोधत होती. बाक नव्हता. ती गेली. दुसऱ्या दिवशी आली, पोत्यात हात घातला, हळकुंड वर काढलं, मोडून बघितलं, वास घेतला. म्हणली, "माझी न्हाई ही."

तुमी म्हणलात, "मावशी, हळद हळदच असती. वजन बराबर हाय ना?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तुमच्या पिवळ्या पट्ट्यावरच मटकन खाली बसली. तव्हा दादा आले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं.

पुनमच्या लग्नाला गोजरबाईनं दुकानातली पुडी आणली. मी हळदीला गेले होते. नवरीच्या गालाला ती पुडीतली हळद लावताना म्हातारी एका कोपऱ्यात तोंड फिरवून उभी होती. भाऊजी, ते लग्न आता परत व्हायचं न्हाई.

गावात मग तुमच्या दादांचं नाव घेऊन बोललं जायला लागलं की बालाजीच्या सेंटरवर हळद बदलतात. गोजरबाई कोणाला काही सांगत हिंडली न्हाई. लोकांनी आपलं आपण जोडून घेतलं. खाजा मिया म्हणले, "वहिनी, बदनामी को टायर रहते, आदमी पैदल जाता." ते तर तुमच्या दादांचे मैतर, मोटारी बांधून देणारे, तरी त्यांनी त्यांच्या साल्याची हळद पलीकडंच पाठवली. माझ्याकडं बघून कानाला हात लावला, पण पाठवली.

महाग पडलं का स्वस्त, ते तुमचे सर कसं मोजतील मला माहीत न्हाई. मला विचाराल तर पट्टे स्वस्तात पडले, बाक महागात पडला.

पाडवा महिन्यावर आलाय. डब्यात या वेळी मुगाचे लाडू हायत. रिकामा पाठवला तर परत कधी पाठवणार न्हाई. गळ्याशप्पथ.

दिपा


हट्टा, ८ मार्च २०२५

स्वप्निल भाऊजी,

डबा आला. साखर मिळाली. मी डबा उघडून ओट्यापाशी उभी राहिले अन् चिमूटभर तोंडात टाकली. सृष्टीनं बघितलं. लेकरू माझं, विचारती, "आई, नुसती साखर काहून खाती?" मी म्हणले, तुझ्या काकानं पाठवलीय. तिनं पण खाल्ली.

आता एक दुरुस्ती. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दादांनी हात उगारला. उगारला न्हाई, मारला. भर हंगामात, बायांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, तीस वर्षाच्या भावाच्या थोबाडीत. लिहिताना मला शरम वाटली म्हणून हळू करून लिहिलं. ते तुमच्या बाबतीत चुकले, ते मानतातही, पण तोंडानं म्हणणार न्हाईत. रात्री कूस बदलत राहतात. मी विचारलं की म्हणतात, गरम होतंय. माघाच्या थंडीत पण हेच म्हणायचे!

मी परवा गोजरबाईकडं गेले होते. तुमच्या सरांची युक्ती घेऊन. आठवतं ना, ते म्हणायचे की काही बिघडलं तर एकदा 'का' विचारून थांबू नका, पाच वेळा विचारा, तव्हा मूळ सापडतं. तुमी मोटारीला विचारलं, पट्ट्याला विचारलं, लाईट बिलाला विचारलं. माणसाला कोणी विचारलं न्हाई. म्हणलं, आपण विचारू.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी पण बसले, पुढ्यात शेंगा ओढल्या.

"मावशी, आमच्याकडं काहून येत न्हाई?"

"तिकडं जवळ पडतं."

"झूट. तिकडं डबल लांब हाय. खरं सांगा, काहून?"

"माझी हळद दुसऱ्याच्यात घातली तुमी."

"चुकलंच ते. आता ज्याचा ड्रम त्याचा माल, मी शब्द देते. तरी काहून न्हाई?"

"द्या शब्द. मला काय दिसतंय आत काय घालता ते."

"म्हणजे आमच्यावर इस्वास न्हाई. एवढ्या वर्षाचा इस्वास काहून गेला?"

तिनं शेंगा खाली ठेवल्या. माझ्याकडं असं बघितलं, जशी मी अगदीच येडी हाय.

"इस्वास नसता तर तुझ्या सासऱ्याच्या, सटवाजीच्या वक्ताला आले असते का मी? मी काय पहारा द्यायला बसत व्हते तितं?"

मी पाचव्यांदा विचारलं. "मग काहून बसत होतात?"

भाऊजी, ती म्हणली ते जसंच्या तसं लिहिते.

"लावताना वाकून असते. निंदताना वाकून असते. काढताना वाकून, शिजवताना धुरात, वाळवताना उन्हात. सालभरात ती एकच दुपार असती, जव्हा मी बसलेली असते अन् माझी हळद माझ्यापुढं पिवळी होत असती. तेवढं बघायला येत व्हते. तुमी म्हणलात, मावशी, घरी जा."

मी शेंगा फोडत बसले. निघताना तिनं ओच्यात शेंगा घातल्या, सृष्टीसाठी. वर म्हणली, "त्या पोराचं काय झालं? जेवतो का नीट?" तुमचंच विचारत होती.

आपल्याला वाटलं होतं, तिला शंका आली. सगळ्या गावाला तेच वाटलं. तिला शंका नव्हतीच. तिची दुपार गेली होती. तुमच्या सरांच्या फळ्यावर त्या दुपारीपुढं 'वाया' असं लिहिलेलं होतं, लाल खडूनं. मीच रोज पुसून काढायची तो फळा, मला अक्षर आठवतं.

मी हे सगळं रात्री तुमच्या दादांना सांगितलं. ते ताटावरून उठले, हात धुतला अन् बाहेर जाऊन बसले. मी पण मग आवाज चढवला. म्हणले, विकायचं असंल तर विका, पण पोराला मारून अन् म्हातारीला रडवून जे सेंटर ठेवलं, ते मंगल कार्यालयाला देऊन कोणाचं मंगल होणार हाय? शेजारी ऐकत असतील. ऐकू दे.

त्या वसमतवाल्याचा फोन आला, तो त्यांनी उचलला न्हाई. पण उचलला न्हाई म्हणजे नको म्हणले असंही न्हाई. तुमी दोघं भाऊ एकाच मातीचे, फोन न उचलणारे.

या. दुसरं काय लिहू?

दिपा


हट्टा, २६ मार्च २०२५

स्वप्निल भाऊजी,

धर्मसिंगला अर्धा तास थांबवून ठेवलंय. थांबणं वाया म्हणा आता.

सोमवारी गोजरबाई आली. बैलगाडीतनं, तीन पोती घेऊन. माझ्या शब्दाखातर आले असं काही म्हणली न्हाई. म्हणली, "पुनमला दिवस गेलेत. ओटीला हळकुंडं पायजेत, घरची." अन् गेटात उभी राहिली, आत यायचं का न्हाई ते ठरवत.

तुमचे दादा गाडीपाशी गेले अन् स्वतः पोती उतरवली. गाड्यावर घातली, तुमच्या गाड्यावर. सगळा ड्रम रिकामा अन् आत फक्त तिची तीन पोती. तुमच्या सरांनी बघितलं असतं तर छाती धरली असती! मोटार चालू केली, जाळी लावली का ते हात लावून बघितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की म्हातारी उभीच हाय.

ते खुर्ची घेऊन आले. ती म्हणली, "नको बाबा, खुर्चीवर पाय लोंबतात." मग ते शेडमागं गेले. बाक वाळवीनं एका बाजूनं खाल्लाय, पण उभा राहतो. फडक्यानं पुसला, होता त्या जागी आणून ठेवला, अन् ती बसली की तिच्या शेजारी स्वतः बसले. ड्रम भरलेला नव्हता म्हणून लई वेळ लागला. दोघं फिरणाऱ्या हळदीकडं बघत बसले. मी चहा केला. पातेलं घासायला सुद्धा बरं वाटलं.

शेवटी ढीग पडला. सोन्यासारखी हळद, भाऊजी, नजर लागंल अशी. तिनं पाच हळकुंडं निवडली, पदराला बांधली. मग परत वाकली, सहावं उचललं अन् माझ्या हातात ठेवलं.

"त्या पोराला दे. हळद हळदच असती म्हणत व्हता न्हाई? ही माझी हाय, ओळखू येती का बघ म्हणावं."

अन् हसली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं. मला मात्र रडू आलं. डब्यात ते हळकुंड ठेवलंय, कागदात गुंडाळून. भाजीत टाकू नका म्हणजे झालं.

काल आणखी दोघं आले. खाजा मियांचा साला आला, मान खाली घालून, अन् बाकावर बसला. तिघं काही लई न्हाईत. हंगाम अर्धा गेलाय. लाईट बिल या महिन्याला घरातनं भरावं लागंल, हे मला दिसतंय. लहान शेतकऱ्याला लहान ड्रम पाहिजे होता, हे पण आता दिसतंय, अन् तो कसा बसवायचा ते तुमाला कळतं, आमाला न्हाई. खाजा मिया म्हणतात, जुन्या टाकीचा करून देतो, पण माप कोणीतरी सांगा.

आज सकाळी मी सेंटरवर गेले तर थिनरचा वास. तुमचे दादा गुडघ्यावर बसलेले, लुंगी वर खोचून, हातात ब्रश. तुमचा पिवळ्या रंगाचा राहिलेला डबा त्यांनी फेकला नव्हता, माळ्यावर ठेवला होता, मला पत्ता न्हाई. वरची साय काढून, पातळ करून, झिजलेले पट्टे परत मारत होते. पान्याची जागा, बादलीची जागा, झाडूची जागा. अन् मग बाकाच्या चारी बाजूनं चौकट काढली, पिवळी, रुंद. मी म्हणले, हे काय? म्हणले, "जागा. ज्याची त्याला."

तेवढ्यात वसमतवाला आला, गाडी गेटात लावली. आत यायला लागला तर तुमच्या दादांनी ब्रश वर न करताच सांगितलं, "रंग ओला हाय. आत येऊ नका." तो गेटातनंच पाडव्याला येतो म्हणला. दादा ब्रश मारतच राहिले. गेला तो. पाडव्याला परत आला तर हे काय बोलतील, ते मी सांगू शकत न्हाई. विचारायचा धीर झाला न्हाई.

चौकट एका कोपऱ्यात वाकडी आलीय. तुमी दोरी धरून मारायचात, ह्यांनी नुसत्या नजरेनं मारली. मी म्हणले, वाळायच्या आत पुसून परत काढा. तर म्हणले,

"राहू दे. स्वप्निल आला की करील सरळ."

वर्ष झालं, भाऊजी, त्यांनी तुमचं नाव घेतलं नव्हतं.

दिपा